विशारद झाले, पण झुमऱ्यात सम हरवली

पत्र

ताई, मी २६ वर्षांची आहे. राहते सुदामा नगरला, नोकरी विजय नगरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. आठव्या वर्षापासून तबला शिकते आहे. विशारद पूर्ण झाले, पहिल्या श्रेणीत. क्लासच्या गुरुपौर्णिमेला दर वर्षी तीनतालात अर्धा तास एकल वाजवते आणि लोक मनापासून दाद देतात.

गेल्या महिन्यात रामबागेत एका घरी गाण्याची बैठक होती. पुण्याहून आलेल्या बुवांच्या साथीदारांची गाडी उशिरा येणार होती, म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. बुवांनी विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, झुमरा ताल घेतला. झुमरा मला येतो, परीक्षेत दुगुन-चौगुनीसकट विचारला होता. बंदिश माहीत नव्हती, पण विचारायला लाज वाटली. चौथ्या आवर्तनात मी दणदणीत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले आणि बुवा गातच राहिले. त्यांची काल, म्हणजे आवर्तनाच्या अर्ध्यावरची खाली मात्रा, चालली होती. घाबरून मी एक तिहाई, तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा, घातली, ती कुठेच आली नाही. मग बुवा मांडीवर हाताने मात्रा दाखवू लागले, पन्नास माणसांसमोर. मध्यंतरात त्यांचे साथीदार आले आणि मी उठले. तीन आठवडे झाले, तबल्यावरची खोळ काढलेली नाही.

आई म्हणते, घरी मुलांच्या शिकवण्या घे, बैठकींचं वेड सोड. नाहीतरी मुलीला साथीला कोण बोलावतं? मैत्रीण म्हणते, एकलच वाजव, इन्स्टाग्रामवर तुझा चाळीस सेकंदांचा रेला, ते जलद बोलांचं वादन, हजारो लोकांनी पाहिलाय. मला वाटतं गुरूच बदलावा, कारण सरांनी मला कधी गाण्याबरोबर बसवलंच नाही. ताई, माझ्यात ते नाहीच का?

– एक विशारद, इंदूर

उत्तर

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग तबला पुढे ओढून झुमऱ्याचा ठेका लावला. तू कुठे हरवलीस ते मला हातानेच शोधायचं होतं. तुझ्याच एका वाक्यात ते सापडलं: तू समेवर आलीस तेव्हा त्यांची काल चालली होती. म्हणजे तू भलतीकडे भरकटली नव्हतीस, नेमकी सात मात्रांनी चुकलीस. झुमऱ्यात माणूस हरवतो तो बहुतेक वेळा असाच.

ठेका इथे लिहिते. तोंडाने म्हण, हाताने टाळी दे:

धिं ऽधा तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट ।
तिं ऽता तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट ।

चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार असे विभाग. सम पहिलीवर, दुसरी टाळी चौथीवर, काल आठवीवर, तिसरी टाळी अकरावीवर. आता चौथी ते सातवी मात्रा बघ आणि अकरावी ते चौदावी बघ. अक्षरन्‌अक्षर सारखी. ‘धिं धिं धागे तिरकिट’ दोनदा येतं. एकदा त्याच्यापुढे काल असते, एकदा सम. बोटांना यातलं काहीही कळत नाही, बोटं दोन्ही वेळा तेच वाजवतात. मन क्षणभर बुवांच्या आलापीत गुंतलं की परत आल्यावर सांगणारं कुणी नसतं, ही पहिली गल्ली की दुसरी. तू दुसरी समजलीस, होती पहिली.

क्लासमध्ये हे कधी झालं नाही, कारण तिथे झुमऱ्याचं आवर्तन दहा-बारा सेकंदांत संपतं. तेवढं सगळं एका नजरेत मावतं. बुवांनी लावलेली लय तू लिहिली नाहीस, पण अतिविलंबितात एक मात्रा चार सेकंदांची सहज असते. चौदा चोक छप्पन्न. छप्पन्न सेकंदांचं एक आवर्तन! तुझा रेला जेवढा वेळ चालतो, त्याहून हे एक आवर्तन मोठं. एवढी लांबी बोटांच्या सवयीवर पेलत नाही, ती कानावर पेलावी लागते. तुझी बोटं अठरा वर्षं शिकली आणि कानाला कुणी शाळेत घातलंच नाही.

तेव्हा ‘माझ्यात ते नाहीच का’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच, की ते अजून तुझ्यापर्यंत पोहोचलेलं नाही. विशारदच्या परीक्षेत परीक्षक म्हणतात, झुमरा हातावर दाखवा, दुगुन म्हणा, चौगुन म्हणा. दोन मिनिटांत पुढचा ताल. समोर गवई बसवून वीस मिनिटं नुसता ठेका धरायला कुणी सांगत नाही. ती परीक्षा वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, मी स्वतः ती दिलेली आहे आणि तिने मला शिस्त लावली. पण साथीचं शिक्षण तिच्या बाहेर राहतं.

माझ्याबाबतीत घडलेलं सांगते. मी चोवीस वर्षांची होते, देवासला एका घरगुती मैफलीत एका बाईंच्या गाण्याला बसले. तिलवाडा होता. सोळा मात्रा, त्यात ‘तिरकिट धिं धिं’ दोनदा येतं, एकदा धा नंतर, एकदा ता नंतर. मी ‘ता’च्या जागी उघडा ‘धा’ दिला आणि पुढचं सगळं उलटं झालं. बाईंनी गाणं थांबवलं, पाणी मागितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गुरुजी पहिल्या रांगेत होते. परतताना बसमध्ये शेजारी बसले, पण इंदूर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या इंदुरात त्यांच्याकडे गेले तर माझ्या जागेवर तबला नव्हता, भिंतीला टेकवलेला तानपुरा होता. म्हणाले, “शेजारच्या वाड्यात गाण्याची शिकवणी चालते. रोज संध्याकाळी तिथे जाऊन तानपुरा छेडायचा. वर्षभर.”

मला रडू आलं होतं. तबला वाजवणाऱ्या मुलीला तानपुऱ्यावर बसवणं म्हणजे शिक्षाच, असं वाटलं. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात मात्रा मोजत होते. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. तिसऱ्या महिन्यात कधीतरी मोजायची विसरले, आणि तरीही सम येण्याआधी मला ती कळली. कशावरून कळली? त्या गाण्याच्या गुरुजींचा मुखडा, म्हणजे समेवर नेणारे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, बाराव्या मात्रेच्या जरा पुढून उठायचा. त्याआधी ते श्वास घ्यायचे, आलाप खाली उतरायचा, मान किंचित डावीकडे कलायची. गाणारा माणूस समेकडे निघाला की त्याच्या अंगात ते दिसतं. मुखड्याचे शब्द सुरू झाले की मोजायची गरजच उरत नाही, त्या शब्दांच्या पायरीवरून सरळ समेवर उतरायचं. हे मला तबल्यावर बसून कधीच दिसलं नसतं, कारण तबल्यावर असताना मी स्वतःचाच हात ऐकत असे.

आणि तू हे पत्र इंदुरातून लिहिते आहेस, याचं मला फार वाटतं. झुमऱ्याची ही अतिविलंबित लय मैफलीत इतक्या शांतपणे, इतक्या हट्टाने ज्यांनी मांडली ते उस्ताद अमीर खाँ आपल्याच गावचे. त्यांचे वडील शाहमीर खाँ इथे होळकरांच्या आश्रयाला होते, आणि अमीर खाँसाहेबांचं लहानपण याच शहरात गेलं. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचं गाणं त्यांनी मनात मुरवलं, झुमऱ्याची ती सावकाश चाल तिथूनच त्यांच्याकडे आली. १९७४ साली ते गेले, पण त्यांच्या मारव्याची जुनी ध्वनिमुद्रिका आज कुणालाही ऐकता येते. ती लाव आणि एकदा गाणं सोडून फक्त तबला ऐक. तबलावादक किती कमी वाजवतो ते ऐक. खाँसाहेबांना तबल्याकडून साधा, स्वच्छ, न हलणारा ठेका हवा असे. साथीदाराची करामत त्यांना गाण्याच्या मध्ये नको होती. तो मारवा चालू असताना हातावर टाळी-काल देत राहा. पहिल्या दिवशी तुझी टाळी चुकेल. चुकू दे. पाचव्या-सहाव्या दिवशी बंदिशीचे शब्द कुठल्या मात्रेला पडतात हे पाठ होईल, आणि मग टाळी आपोआप जागेवर येईल.

तबल्याचीही या गावाला उणीव नव्हती. नाना पानसे काशीहून बाबू जोधसिंहांकडची पखवाजाची विद्या घेऊन आले ते इथेच होळकरांच्या दरबारात राहिले. त्यांचे शिष्य सखारामपंत आगले, पुढे अंबादासपंत आगले, अशी ती परंपरा याच गल्ल्यांतून चालली. शंभरी ओलांडलेले उस्ताद जहांगीर खाँ तबल्याची तालीम देत इथेच राहिले. माझे गुरुजी त्यांच्याबद्दल बोलताना कानाच्या पाळीला हात लावायचे. पखवाजाचं मी मुद्दाम काढलं. पखवाजाच्या तालमीत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आधी येते, हात नंतर. चौताल शिकणारा मुलगा ‘धा धा दिं ता किट धा दिं ता किट तक गदि गन’ हातावर टाळी देत कितीतरी दिवस नुसता म्हणत राहतो. तबल्याच्या क्लासांतून ही पढंत आता परीक्षेपुरती उरली आहे आणि त्याची किंमत तुझ्यासारख्या मुलींनी बैठकीत मोजली.

आता खोळ काढ. पण कायदा, ती बोल फिरवत वाढवायची रचना, वाजवायचा नाही, रेला तर नाहीच. पुढचे सहा महिने तुझ्या रोजच्या रियाजातला पहिला तास ठेक्याचा.

आधी वीस मिनिटं तबल्याला हात न लावता झुमरा म्हणायचा, टाळी-काल देत. सातवी मात्रा म्हणताना मनात ‘काल येतेय’ आणि चौदावी म्हणताना ‘सम येतेय’ हे स्पष्ट असलं पाहिजे. शब्द सारखे असले तरी मनात ते दोन वेगळे असले पाहिजेत. आवाजातही फरक येऊ दे, चौदावीच्या ‘तिरकिट’ला थोडा उठाव. हाच उठाव नंतर हातात उतरतो. चांगला साथीदार तेराव्या-चौदाव्या मात्रेला गवयाला अगदी हलकेच सांगतो की आता दार आलं. सातव्या मात्रेला तो असं काही सांगत नाही.

मग तबल्यावर. फक्त तानपुरा चालू ठेव, लेहरा, म्हणजे आवर्तनाची फिरती धून, नको. लेहरा लावला की तो तुला आवर्तन दाखवत राहतो, आणि आपल्याला तीच काठी काढून घ्यायची आहे. मोबाइलमधला तालाचा ठोकाही नको. समोर घड्याळ ठेव. पहिली सम देताना वेळ लिहून घे आणि मग घड्याळ उलटं करून ठेव. मात्रा चार सेकंदांची मनात धरून दहा आवर्तनं वाजव. अकराव्या समेवर घड्याळ बघ. नऊ मिनिटं वीस सेकंद व्हायला हवीत. तुझी बहुधा आठ मिनिटांच्या आतच होतील. तयार हातवाल्यांची लय संथ ठेक्यात पुढे पळतेच, मोकळी जागा त्यांना सोसवत नाही. मग ते ती जागा भरायला लागतात, तिरकिटाचं दुप्पट करतात, आणि प्रत्येक भरलेल्या जागेत लय थोडी पुढे सरकते. तू मधली जागा भरू नकोस असं मी म्हणणार नाही, विलंबितात थोडी भर लागतेच, नाहीतर गवयाला मात्रा दिसत नाही. पण ती भर श्वासासारखी असावी, आहे हे कळावं आणि ऐकू येऊ नये. पहिले दोन महिने ती भरही नको. ‘धिं’ दे आणि त्याची आस, मागे घुमत राहणारा नाद, संपेपर्यंत ऐकत बस.

इथे हातापेक्षा तबल्याचा प्रश्न येतो. एकल वाजवणारी मुलं बहुतेक टिपेचा, छोट्या तोंडाचा तबला वापरतात, त्यावर रेला खणखणीत वाजतो. बुवा काळी एकच्या आसपास गात असतील. त्या पट्टीला मोठ्या तोंडाचा तबला लागतो, त्याच्या ‘धिं’ला लांब आस असते. छोटा तबला ओढूनताणून खाली उतरवला तर ‘धिं’ लवकर मरतो आणि पुढचे साडेतीन सेकंद तुझ्या हातात काहीच उरत नाही. मग घाई होते. त्या दिवशी कुठला तबला होता ते तू लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की हेही घडलं असणार. नोकरी आहे, पगार आहे, तेव्हा काळी एकचा एक चांगला तबला करून घे. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, स्वतः वाजवून घे, दुकानदार वाजवून दाखवेल त्यावर जाऊ नकोस. डग्गा फार ताणलेला ठेवू नकोस, विलंबितात मींड, म्हणजे डग्ग्याचा सरकता घुमार, हवी.

एकतालाचंही असंच करायचं, कारण ख्यालाच्या बैठकीत सगळ्यात जास्त तोच वाट्याला येतो. तिथेही सापळा आहे. ‘धागे तिरकिट’ तिसऱ्या-चौथ्या मात्रेला येतं आणि नवव्या-दहाव्या मात्रेलाही. एकदा त्याच्यापुढे ‘तू ना’, एकदा ‘धिं ना’. झुमऱ्यात जी शिकशील ती गोष्ट इथे फुकट मिळेल.

बैठकीला बसण्याआधी विचारायचं. हे मी तुला अगदी कळकळीने सांगते, कारण तुझी खरी चूक इथे झाली. गवयाला ग्रीनरूममध्ये किंवा त्या घराच्या मागच्या खोलीत, चहा घेताना, सरळ विचारावं: बुवा, कुठला राग, कुठला ताल, मुखडा कितव्या मात्रेपासून? बंदिशीची पहिली ओळ एकदा म्हणता का? पंचवीस वर्षं साथ केलेले लोकही हे विचारतात. यात लाज कसली? ज्या गवयाला हा प्रश्न आवडत नाही असा मला आजवर एकही भेटला नाही. उलट तो निश्चिंत होतो, की या मुलीला माझं गाणं ऐकायचं आहे.

आणि हरवलंच तर? पुन्हा हरवशील, सगळेच हरवतात. तेव्हा हात थांबवायचा नाही आणि जोरही करायचा नाही. आवाज निम्म्यावर आण, डग्गा जवळजवळ बंद कर, लय मात्र तीच ठेव. लय आहे तोवर गवयाचं काही बिघडत नाही, त्याची मात्रा चालू असते. मग त्याच्या तोंडाकडे बघ आणि मुखड्याची वाट बघ. मुखडा येईल. तो आला की त्याच्याबरोबर समेवर जा, स्वच्छ उघडा ‘धिं’ दे, आणि तिथून तुझं आवर्तन नव्याने सुरू. श्रोत्यांतल्या दोघा-तिघांना कळेल, बाकीच्यांना नाही. तिहाई मात्र कधीही नाही. जिला सम कुठे आहे हे माहीत नाही, तिने तिहाई घालणं म्हणजे बंद डोळ्यांनी जिना उतरणं. आणि खरं सांगू, माहीत असतानाही विलंबितात तू स्वतःहून तिहाई घालायचं कारण नाही. गवयाने जागा दिली तर.

बुवांनी मांडीवर हात ठेवून मात्रा दाखवली याचा तुला अपमान वाटला. मला ते वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांचा आलाप चालू होता, त्यांचं लक्ष सुरात असायला हवं होतं. ते सोडून त्यांनी एका अनोळखी मुलीला हात दिला. भर मैफलीत साथीदाराकडे डोळे वटारणारे मी पाहिलेत, माइकवरून टोमणा मारणारेही पाहिलेत. त्यांना फोन कर. माफी मागण्यासाठी नव्हे. सांग की त्या दिवशी सातव्या मात्रेनंतर मी सम समजले, आता झुमऱ्यावर काम करते आहे, आणि ती बंदिश मला लिहून मिळेल का. मिळेल. तीच बंदिश घेऊन झुमऱ्याचा रियाज कर.

गुरू बदलण्याचा विचार मला पटला नाही. ज्या माणसाने तुला अठरा वर्षांत हा हात दिला, त्याने एक गोष्ट दिली नाही म्हणून त्याला सोडायचं? त्यांनी कदाचित स्वतः साथ फारशी केली नसेल, कदाचित क्लासमध्ये चाळीस मुलं असतील. त्यांच्यापुढे जाऊन घडलं ते जसंच्या तसं सांग आणि परवानगी माग: सर, मला गाण्याच्या वर्गात ठेका धरायला बसायचं आहे. नव्वद टक्के गुरू आनंदाने हो म्हणतात आणि स्वतःच कुणाला तरी फोन करतात. ते नाराज झाले तरी तू मागे हटू नकोस, मात्र बोलणं नम्र ठेव. साथीची तालीम घेणं म्हणजे गंडा, गुरूशी बांधलेलं नातं, तोडणं नव्हे. आपल्या इंदुरात मराठी घरांतून गाणं शिकवणाऱ्या बायका-पुरुषांची कधी कमी नव्हती. त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलांना तबल्याची साथ हवीच असते आणि ते तबल्याच्या मशीनवर भागवत असतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जाऊन बस. पैसे मागू नकोस, मिळाले तर घे. नवशिकी गाणारी मुलं लय सोडतात, सम चुकवतात, मध्येच थांबतात. तयार गवयापेक्षा त्यांच्याबरोबर जास्त शिकशील, कारण त्यांना धरून ठेवायचं काम तुझ्यावर येईल. आणि महिन्यातून एकदा तरी तानपुऱ्यावर बस.

फक्त एकल वाजव, असं म्हणणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला तुझं भलंच हवं आहे. पण एकल वादन ही साथीतून पळून जायची जागा नाही. पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, वाजवताना हीच मोकळी जागा तुझ्यासमोर येते, आणि ती तू आत्तापर्यंत कशी पार करत होतीस ते मला माहीत आहे: लवकर कायद्यावर येऊन. उस्ताद अहमदजान थिरकवांच्या एकल वादनासमोर सारा देश मान तुकवतो. त्याच खाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरला होता. त्यांच्या साध्या ‘धा’मध्येही जे बोलणं ऐकू येतं, ते गाण्याच्या शेजारी बसून आलेलं आहे, असं मी मानते. रेला टाकत राहा, हजारो लोक बघतात ते चांगलंच आहे. फक्त त्यावरून स्वतःला मोजू नकोस.

आईचं बोलणं मला झोंबलं, कारण माझ्या आईनेही तेच म्हटलं होतं. मुलीला साथीला कमी बोलावतात हे खरं आहे. मला एकदा आयोजकाने शेवटच्या क्षणी बदललं होतं, कारण गवयाला बाईची साथ नको होती. रात्री अकराला दोन जड पिशव्या घेऊन रिक्षा शोधावी लागते. मानधनाचं बोलायला संकोच होतो आणि समोरचा त्याचा फायदा घेतो. पण डॉ. आबान मिस्त्रींनी तबला हाती घेतला तेव्हा बाई तबल्यावर बसते हेच लोकांना नवल होतं, आणि त्यांनी वाजवलं, शिकवलं, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर संशोधनही केलं. अनुराधा पाल आज जगभर वाजवतात. वाट अरुंद आहे, बंद नाही. आईला सांग की शिकवण्याही घेईन. घेच, शिकवताना ठेका पक्का होतो. फक्त तिने त्या दोन गोष्टींत ‘किंवा’ घातला आहे, तो काढून टाक. नोकरी सोडू नकोस, त्याबद्दल तू विचारलंही नाहीस, म्हणजे तुला ते कळतंच.

सहा महिन्यांनी रामबागेतल्याच त्या घरी जा. बैठक ठेवणाऱ्या मंडळींना सांग, कुणी स्थानिक गायक-गायिका असेल तर मला विलंबिताला बसायचं आहे. मोठं नाव नको, मोठी संधीही नको. त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर एकदा पूर्ण ख्याल धरून उठ.

त्याआधी एक काम आजच. तबला सुरात लाव, घड्याळ उलटं ठेव, झुमऱ्याची दहा आवर्तनं वाजव, आणि किती वेळ लागला ते मला कळव. पहिल्या खेपेचाच वेळ लिही, सुधारलेला नको.

तुझी
ताई